‘बाई, कोणती बाजू लिहू?’

मानसशास्त्राच्या पुस्तकात शेवटी शेवटी ‘मुद्दे आणि वाद’ अशा काहीशा नावाचं एक प्रकरण असतं. अनुवंश की परिवेश (म्हणजे भोवतालची परिस्थिती), इच्छास्वातंत्र्य की नियतत्व (म्हणजे सगळं आधीच्या कारणांनी ठरलेलं असणं), संशोधनातले पूर्वग्रह, संशोधनाची नीती, असं सगळं त्यात येतं. शाळेच्या वरच्या वर्गांना मी ३१ वर्षं हा विषय शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं हे प्रकरण परीक्षेच्या तोंडावर, आठवडाभरात उरकलं. ते माझं चुकलं. ते पहिल्या दिवसापासून, प्रत्येक प्रयोगाबरोबर शिकवायला हवं होतं. या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्याच प्रकरणाबद्दल आहेत, म्हणून या अंकातली सगळी जागा त्यांना दिली आहे. पत्रं थोडक्यात छापत आहे.

प्रश्न : बाई, अनुवंश की परिवेश यावर मोठा प्रश्न हमखास येतो. मी दोन्ही बाजूंचे तीन-तीन मुद्दे पाठ केलेत आणि शेवटी ‘दोन्हींचा वाटा असतो’ असं लिहिते. तरी गुण कापले जातात. नेमकी कोणती बाजू लिहू?

उत्तर : ‘दोन्हींचा वाटा असतो’ हे वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून काही कळतही नाही. तपासणाऱ्याला तिथे तू विचार केलेला दिसत नाही, म्हणून गुण जातात. बाजूंचं सध्या बाजूला ठेव आणि एक आजार समजून घे.

फिनाइलकीटोन्यूरिया. नाव अवघड आहे, कागदावर तुकडे पाडून लिहिलंस की लक्षात राहील. प्रथिनांमध्ये फिनाइलॲलनीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्याचं पुढे रूपांतर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, काही बाळांच्या शरीरात नीट काम करत नाही. मग ते आम्ल रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. उपचार झाले नाहीत तर तीव्र बौद्धिक अक्षमता येते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. म्हणजे पूर्णपणे अनुवंश, असं तू म्हणशील. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करायची एक साधी चाचणी तयार केली. आजार लगेच कळला आणि पहिल्या काही आठवड्यांतच फिनाइलॲलनीन अगदी मोजकं असलेला आहार सुरू झाला, की ते मूल जवळपास इतरांसारखंच वाढतं आणि शिकतं. जनुक होतं तसंच राहतं. बाळाच्या पोटात काय जातं, एवढंच बदललेलं असतं.

आता मला सांग, या मुलाची बुद्धी किती टक्के अनुवंशाची आणि किती टक्के परिवेशाची? असे वाटे पाडताच येत नाहीत. आयताचं क्षेत्रफळ किती टक्के लांबीमुळे आणि किती टक्के रुंदीमुळे, हा प्रश्न जसा निरर्थक, तसाच हा.

मग पुस्तकात ‘बुद्धिमत्ता इतके टक्के आनुवंशिक’ असे आकडे येतात ते काय असतात? इथेच बहुतेक मुलं चुकतात, आणि शिक्षकही. तो आकडा एका माणसाबद्दल नसतो. एका समूहातल्या माणसांमध्ये जो फरक दिसतो, त्या फरकातला किती भाग जनुकांमधल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये दिलेलं बियाण्याचं उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर काढायचे. एकाच पोत्यातलं मिश्र बियाणं घ्या. मूठभर उत्तम खताच्या मातीत पेरा, मूठभर निकस मातीत. पहिल्या वाफ्यात रोपांच्या उंचीत जो फरक दिसेल तो सगळा बियाण्यातला, कारण माती सगळ्यांना सारखी. दुसऱ्या वाफ्यातही तसंच. पण दोन वाफ्यांमधला फरक? तो सगळा मातीचा. वाफ्याच्या आत आनुवंशिकतेचं प्रमाण कितीही मोठं असलं, तरी दोन वाफ्यांमधल्या फरकाबद्दल ते काहीच सांगत नाही. ‘अमुक समाजाचा बुद्ध्यांक जन्मतःच कमी’ असं कुणी सांगू लागलं, की हे चित्र आठव.

आणि माणसांमध्येही असं दिसलं आहे. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यांकातला बराचसा फरक जनुकांशी जुळत होता. अगदी गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्यावर आला होता, तिथे घरच्या परिस्थितीचं पारडं जड होतं. म्हणजे आनुवंशिकतेचं प्रमाणसुद्धा परिस्थितीप्रमाणे बदलतं.

आता माझी एक चूक सांगते. २००३ मध्येच ॲव्हशलोम कास्पी आणि सहकाऱ्यांचा एक गाजलेला अभ्यास आला होता. सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार असलेल्या माणसांवर आयुष्यातले आघात जास्त परिणाम करतात, त्यांना नैराश्य येण्याची शक्यता वाढते, असा त्याचा निष्कर्ष. जनुक आणि आघात, दोन्ही एकाच आलेखात! मी तो अत्यंत उत्साहानं शिकवत राहिले. पुढे खूप मोठ्या नमुन्यांवर पडताळणी झाली, २०१९ मध्येही झाली, आणि त्या निष्कर्षाला आधार सापडला नाही. नैराश्याशी जोडलेली जनुकं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा वाटा अगदी बारीक आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर वहीतल्या त्या आलेखावर काट मार.

तुझ्या उत्तराची सुरुवात ‘कोणत्या समूहात, कोणत्या परिस्थितीत, कोणता फरक मोजला’ इथून कर. तीन-तीन मुद्द्यांऐवजी यातलं एकच उदाहरण शेवटापर्यंत नेलंस तरी पुरेल.

प्रश्न : नियतत्ववादाचा धडा झाल्यापासून माझी झोप उडाली आहे. आपण ठरवायच्या आधीच मेंदूनं ठरवलेलं असतं, हे लिबेट यांच्या प्रयोगात सिद्ध झालं असं वर्गात सांगितलं. मग मी अभ्यास करेन की नाही हेही ठरलेलंच असेल. बाई, कृपया हे पत्र गंमत समजू नका.

उत्तर : अजिबात गंमत समजत नाही. दर दोन-तीन वर्षांनी माझ्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असायची, जिला हा धडा केवळ धडा वाटायचा नाही. तुझ्यासारख्यांनी तो खरा वाचलेला असतो.

आधी प्रयोग नीट बघू. बेंजामिन लिबेट यांचा तो प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर सुमारे अडीच सेकंदांत एक फेरी मारणारा ठिपका. माणसानं मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि ‘हलवावंसं वाटलं’ तेव्हा ठिपका कुठे होता ते नंतर सांगायचं. डोक्यावर लावलेल्या तारांनी मेंदूतल्या विद्युत हालचालीची नोंद होत होती. हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी एक विद्युत चढ सुरू व्हायचा. हलवावंसं वाटल्याची वेळ मात्र लोक साधारण २०० मिलिसेकंद आधीची सांगायचे. मधल्या ३५० मिलिसेकंदांवर एवढं मोठं वादळ उठलं.

आता तूच विचार कर. मनगट आत्ता हलवायचं की क्षणभरानं, याला काही कारण आहे का? काहीच नाही. आत्ता आणि नंतर यांत निवडण्यासारखं काही नसतं. तू कोणता विषय घ्यायचा, मित्राशी खोटं बोलायचं की नाही, हे ठरवतोस तेव्हा दिवसेंदिवस मनात घोळवतोस, कुणाला तरी विचारतोस, मत बदलतोस. त्या प्रयोगानं यातलं काहीच मोजलं नाही. शिवाय तो चढ म्हणजे ‘निर्णय झाल्याची खूण’ असंच मानायला हवं असंही नाही. २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी वेगळं स्पष्टीकरण मांडलं. मेंदूत सतत यादृच्छिक चढउतार चालू असतात; बाहेरून काही कारण नसेल तेव्हा असा एखादा चढ उंबरठा ओलांडतो आणि हालचाल होते. हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढली, की तो हळूहळू वाढत गेलेला चढ दिसणारच. स्वतः लिबेट यांनीही इच्छास्वातंत्र्य मोडीत काढलं नव्हतं. शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हणून हालचाल थांबवता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे वर्गात सांगितलं गेलं तेवढं ‘सिद्ध’ काही झालेलं नाही.

पण मी इथेच थांबले तर तुझ्या प्रश्नाला बगल दिल्यासारखं होईल. समजा उद्या आणखी चांगला प्रयोग झाला आणि प्रत्येक निर्णयाला आधीचं कारण असतं हे दिसलं. मग?

कारण असणं आणि सक्ती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुला गणित आवडतं, त्यामागे एखादी शिक्षिका असेल, घरातलं कुणी असेल, तुझ्या मेंदूची घडण असेल. एवढी कारणं असूनही ती आवड तुझीच आहे. कुणी दरडावून तुला गणिताला बसवलं तर ती सक्ती. आपण ‘मोकळेपणानं केलं’ म्हणतो तेव्हा बहुधा ‘सक्ती नव्हती’ एवढंच म्हणत असतो. या मताला ‘सॉफ्ट डिटर्मिनिझम’, सौम्य नियतत्ववाद, म्हणतात. हा शब्द मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये वापरला, आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला ही तडजोड मान्य नव्हती. मला मान्य आहे. वर्गात मी दोन्ही बाजू समान वेळ देऊन शिकवल्या, पण विचारलंस म्हणून माझं मत सांगितलं.

या जेम्स यांच्याबद्दल आणखी एक. अठ्ठाविसाव्या वर्षी ते तुझ्याच प्रश्नानं खचले होते. ३० एप्रिल १८७० रोजी त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं, की माझी इच्छास्वातंत्र्याची पहिली कृती म्हणजे इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणं ही असेल. हा काही पुरावा नाही. पण या विषयाचं पायाभूत लेखन ज्यांनी केलं, त्या माणसाची रात्रही या प्रश्नानं खाल्ली होती, हे तुला कळावं असं वाटलं.

अभ्यास करशील की नाही हे ‘ठरलेलं’ असलं, तरी ते तुझ्या विचारांना वगळून ठरलेलं नाही. आज तू केलेला विचार हेही उद्याच्या कृतीचं एक कारण आहेच. आणि एक विनंती. झोप न लागणं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं, किंवा हा विचार नको असतानाही सतत येऊ लागला, तर घरातल्या मोठ्यांना सांग आणि डॉक्टरांना भेट. प्रश्न तत्त्वज्ञानाचा असला तरी झोप शरीराला हवी असते.

प्रश्न : मॅडम, मुलगी मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. माझं मत असं, की हे विज्ञानच नाही. यातले शंभरपैकी साठाहून अधिक प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर फसले असं मी वाचलं. अशा विषयात तिनं वर्षं का घालवावीत?

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २०१५ मध्ये सायन्स या नियतकालिकात तो अहवाल आला. नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के संख्याशास्त्राच्या कसोटीवर ‘यशस्वी’ होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे ठरले. वरच्या पत्रातल्यासारख्या मुलांना घाबरवायला वापरला जाणारा एक अभ्यासही त्यात होता. इच्छास्वातंत्र्य नाही असं वाचायला दिलं की माणसं जास्त लबाडी करतात, असा तो २००८ चा निष्कर्ष. पुनःपडताळणीत तो टिकला नाही.

पण हा अहवाल कुणी काढला? मानसशास्त्राच्याच अडीचशेहून अधिक संशोधकांनी. आपल्याच विषयाच्या, आपल्याच सहकाऱ्यांच्या कामाची अशी झडती घेऊन ती जाहीरपणे छापली. मी तेव्हा शिकवत होते. आवडते दाखले एकामागून एक वगळताना वाईट वाटलं आणि त्याच वेळी या विषयाबद्दलचा आदरही वाढला. तेव्हापासून पुष्कळ संशोधक काय मोजणार आणि कसं तपासणार हे प्रयोगाआधीच नोंदवून ठेवतात, म्हणजे निकाल पाहून गृहीतक बदलण्याची पळवाट राहत नाही.

झडती घेतली नाही तर काय होतं, तेही पाहा. सिरिल बर्ट हे ब्रिटनमधले फार मोठे मानसशास्त्रज्ञ. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांवरून बुद्धिमत्ता मुख्यतः आनुवंशिक असते असं त्यांनी मांडलं, आणि अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांच्या शाळा वेगळ्या करण्याच्या धोरणामागे याच विचाराचं वजन होतं. १९७१ मध्ये बर्ट वारले. त्यानंतर लिऑन कामिन यांनी त्यांचे आकडे तपासले. जुळ्यांच्या जोड्या २१ वरून ५३ झाल्या, तरी सहसंबंध, म्हणजे जुळ्यांचे गुण एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७७१ च, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच! असं सहसा होत नाही. त्यांनी आकडे रचले की नुसता निष्काळजीपणा केला यावर आजही दोन मतं आहेत. माझ्या मते ते आकडे वापरण्यालायक नाहीत एवढं तरी नक्की. इतकी वर्षं हे कुणी मोजून पाहिलं नाही, याची किंमत मुलांनी भरली.

विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगमध्ये प्रयोगशाळा काढली १८७९ मध्ये. भौतिकशास्त्राच्या मानानं हा विषय तरुण आहे, आणि त्याच्या प्रयोगशाळेत येणारा ‘पदार्थ’ प्रयोगकर्त्याला काय हवंय याचा अंदाज बांधत असतो. तेव्हा अडचणी राहणारच. पण एखादी बातमी वाचून ‘किती जणांवर? पुन्हा करून पाहिलं का?’ असं विचारायला तुमची मुलगी या विषयात शिकेल. तुम्हीही पत्रात तेच विचारलं आहे. तिला घेऊ द्या, असं मी म्हणेन.

प्रश्न : बाई, ॲश यांचा रेघांचा प्रयोग, मिलग्रम यांचा आज्ञापालनाचा, विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी करणारा तुरुंगाचा, सगळ्यांत पुरुषच. आणि सगळे बहुतेक एकाच प्रकारच्या देशांतले. मग पुस्तकात ‘माणूस असा वागतो’ असं का लिहितात?

उत्तर : लिहू नये. तू वहीत ‘माणूस’ खोडून ‘या प्रयोगातले पुरुष’ असं लिहीत जा, बरंच स्पष्ट होईल.

मात्र एक सावधगिरी. बायकांना वगळलं म्हणजे त्या वेगळ्याच वागल्या असत्या, असंही गृहीत धरू नकोस. मिलग्रम यांच्या १९६३ च्या प्रयोगात सहभागींना दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायला सांगितलं जायचं; झटके खोटे होते, पण त्यांना ते खरे वाटत. ४० पुरुषांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. नंतर त्यांनी ४० स्त्रियांवर तोच प्रयोग केला, तेव्हाही २६. फरक अजिबात नसताना मोठा करून दाखवणं हा एक पूर्वग्रह, आणि असलेल्या फरकाकडे काणाडोळा करणं हा दुसरा. पुस्तकात त्यांना अल्फा आणि बीटा पूर्वग्रह म्हणतात. कोलबर्ग यांनी नैतिक विकासाचे टप्पे फक्त मुलग्यांवरून बेतले, म्हणून कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर टीका केली. ती टीका योग्यच होती. पण स्त्रिया नैतिक प्रश्नांचा विचार वेगळ्या रीतीनं करतात, हे जे त्यांनी पुढे मांडलं, त्याला नंतरच्या पाहण्यांत फारसा आधार मिळाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात लिहिता येतात.

देशांचं म्हणशील तर जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये मोजदाद केली. अमेरिकेतल्या सहा आघाडीच्या नियतकालिकांतल्या सहभागींपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा साधारण १२ टक्के. याचा परिणाम काय होतो ते दोन रेघांवरून कळतं. म्युलर-लायर भ्रम तुमच्या प्रात्यक्षिकात असेल. सारख्याच दोन रेघा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर, आणि एक लांब दिसते. इतकी वर्षं हा ‘डोळ्यांचा’ नियम मानला गेला. सीगल, कॅम्बेल आणि हर्सकोविट्स यांनी १९६६ मध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना या रेघा दाखवल्याचं प्रसिद्ध केलं. अमेरिकी विद्यार्थ्यांना दोन्ही रेघा सारख्या वाटण्यासाठी एक रेघ सुमारे एक पंचमांशानं लांब करावी लागली. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांवर मात्र भ्रमाचा जवळजवळ परिणामच झाला नाही. काटकोनी खोल्यांत वाढल्यामुळे आपले डोळे असे घडतात, असं एक स्पष्टीकरण आहे. त्यावर वाद चालू आहे, पण निष्कर्ष विसरण्याजोगा नाही. रेघ पाहण्यात एवढा फरक पडतो, तर लाज, राग, आज्ञापालन यांत किती पडत असेल?

प्रश्न : एकाच रुग्णावरून काढलेला निष्कर्ष शास्त्रीय कसा?

उत्तर : रुग्ण कोण आणि प्रश्न काय, यावर आहे. हेन्री मोलेसन, पुस्तकांतले ‘एच. एम.’, यांच्यावर १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी, शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला, आणि नवीन आठवणी साठवणं कायमचं थांबलं. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीचा आकार गिरवायला दिला. तीन दिवसांत हात सुधारत गेला, आणि दर वेळी त्यांना वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे या एका माणसानं शिकवलं. हजार निरोगी माणसांच्या सरासरीत ते दिसलंच नसतं. पुढे इतर रुग्णांवर आणि प्राण्यांवर ते तपासलं गेलं, म्हणून ते टिकलं. मोलेसन ५५ वर्षं संशोधकांच्या अभ्यासाला बसत राहिले आणि आपण बसतो हे त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. त्यांची संमती खरी कशी मानायची, हा प्रश्नही उत्तरात जरूर लिही.

प्रश्न : ताई, मी यंदाच शिकवायला लागलो. मुलांना कळावं म्हणून ॲश यांचा रेघांचा प्रयोग वर्गात करून दाखवायचा विचार आहे. एकाला अंधारात ठेवून बाकीच्यांना चुकीचं उत्तर द्यायला सांगायचं. करू ना?

उत्तर : नका करू. मी केला होता.

माझं दुसरंच वर्ष होतं. एक मुलगी ग्रंथालयातून पुस्तकं घेऊन यायची होती, तेवढ्या वेळात मी बाकीच्यांना पढवलं. ती आली, बसली. फळ्यावरच्या तीन रेघांपैकी कोणती जुळते ते एकेक जण सांगत गेला, सगळे चुकीचं. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि बरोबर रेघ सांगितली. आवाज थरथरत होता. दुसऱ्या फेरीतही बरोबर. तिसऱ्या फेरीत तिनं फळ्याकडे न पाहता सगळ्यांचं उत्तर सांगितलं. वर्ग हसला. मी प्रयोग समजावून सांगितला, तिचं कौतुकही केलं. ती एवढंच म्हणाली, “सगळ्यांना माहीत होतं?” त्यानंतर कितीतरी दिवस ती मागच्या बाकावर बसत होती आणि मी विचारल्याशिवाय बोलत नव्हती.

चुकीचं उत्तर दिल्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. आपल्याला सोडून सगळे एक झाले होते आणि त्यांना एक करणारी मी होते, हे लागलं. मी तिची माफी मागितली, वर्गासमोर. ती ‘असू दे बाई’ म्हणाली. मुलं तसंच म्हणतात.

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड यांनी मिलग्रम यांच्यावर हाच आक्षेप घेतला होता. प्रयोगशाळेत आलेला माणूस प्रयोगकर्त्यावर विसंबून असतो, त्या विश्वासाचा वापर झाला. शाळेत तर हे आणखी गंभीर. आपल्या वर्गातलं मूल ‘नाही’ म्हणू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही, आणि उद्या त्याला त्याच वर्गात बसायचं असतं. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये अकरा महिन्यांच्या ‘छोट्या अल्बर्ट’ला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली आणि ती घालवायच्या आतच तो तिथून गेला, हे आपण मुलांना ‘नीतीचा भंग’ म्हणून शिकवतो. ते शिकवत असतानाच मी हे केलं होतं. तो धडा आणि माझा तास यांत मला तेव्हा काहीच संबंध दिसला नव्हता, आणि तेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

मग काय करावं? फसवणूक नसलेली प्रात्यक्षिकं पुष्कळ आहेत. स्ट्रूप यांची १९३५ ची रंग आणि शब्दांची कसोटी घ्या, ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असला की रंग सांगताना जीभ कशी अडखळते ते प्रत्येकाला स्वतःवर अनुभवता येतं. म्युलर-लायर घ्या. आरशातलं रेखन घ्या, त्याबरोबर मोलेसन शिकवून होतात. आधी एक चिठ्ठी वाटा : काय करणार, किती वेळ, मधेच थांबलात तरी चालेल, नोंदीत नाव येणार नाही. चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्या. माझ्या वर्गात एकदा या चिठ्ठीच्या मसुद्यावर दोन तास वाद झाला, कारण एका मुलानं विचारलं, “बाई, शेजारचा बघत असताना ‘मी थांबतो’ कोण म्हणेल?” मग मुलांनीच ठरवलं, की ज्याला नको त्यानं कागद कोरा ठेवून तसाच द्यायचा. सगळे कागद पालथे जमा होतील.

ॲश शिकवायचेच असतील तर उघड शिकवा. रेघा काढा, सगळी व्यवस्था समजावून सांगा, आणि मग विचारा की सातवी पाळी तुमची असती तर काय झालं असतं. आणि एक निष्कर्ष सांगायला विसरू नका, पुस्तकात तो बहुधा एका ओळीत असतो. सगळे एकमतानं चुकत असताना सहभागींची साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकली होती; पण गटातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तर चुकांचं प्रमाण आधीच्या एक चतुर्थांशावर आलं. त्या मुलीला मी हे त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी राखून ठेवलं होतं.